कोडोलीपर्यंतची डुलकी

बाळासो चौगले निवृत्त झाले तेव्हा ते आता एखादी म्हैस घेतील, असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी गाडी घेतली. तीही दोनच सीटची, वर टप नसलेली आणि आमच्या दोघांचीही लग्नं होण्याआधी विलायतेत तयार झालेली.

बाळासो माझे मित्र. मी दूध संघाच्या गेटवर कारकून होतो आणि ते संघाचा टँकर चालवायचे. गेटपासापलीकडं मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे कितपत जमेल याची शंकाच आहे. पण ही हकीकत ज्यांनी पाहिली ते सगळे सांगताना ती वाढवतात. मला वाढवता येत नाही, एवढाच काय तो माझा उपयोग.

दुधाचा टँकर चालवणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळत नाही. भरलेला टँकर परवडतो, अर्धा भरलेला फार वाईट. ब्रेक दाबला की गाडी थांबते, पण आतलं दूध थांबत नाही. ते पुढं येऊन आदळतं आणि थांबलेल्या गाडीला पुन्हा ढकलतं. वळणावर ते एका अंगाला जातं आणि गाडीलाही आपल्याबरोबर न्यायला बघतं. म्हणून बाळासोंनी सगळी नोकरी ब्रेकवर असा पाय ठेवला, की जणू खाली मांजर झोपलंय आणि ते उठता कामा नये. उसाचे ट्रॅक्टरसुद्धा मोठ्यानं गाणी लावून त्यांच्या पुढे जायचे. गेटवर चहा पिताना ते म्हणायचे, "बापू, एकदा मला रिकामं सुटायचं हाय." मी समजायचो, निवृत्तीचं म्हणत असतील. त्यांच्या मनात वळणं होती, हे मला फार उशिरा कळलं.

ती गाडी एका साखर कारखान्याच्या जुन्या इंजिनिअरच्या शेडमध्ये पडून होती. तिच्यात कोंबड्या बसायच्या. घरच्यांना शेड मोकळी करायचीच होती. बाळासोंनी गाडी टेम्पोत घालून कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोहसीनच्या गॅरेजला आणली, तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर एक अंडं होतं. मोहसीननं ते उचलून उजेडात धरलं आणि विचारलं, "काका, हे गाडीबरोबर आलंय का येगळं घेतलंय?"

मोहसीन हा आमच्या टँकरांची कामं करणाऱ्या इलाही मिस्त्रींचा मुलगा. हात चांगला आहे, पण हाताच्या आधी तोंड चालू होतं. त्यानं इंजिन बोलतं केलं, रंग तांबडा लावला, आणि एका सकाळी बाळासो ती गाडी घेऊन दारात उभे राहिले. विठावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या.

"चार मान्सं बसत्याली अशी गाडी आनायची सोडून हे घमेलं कशाला आनलंसा?"

"अगं, पावणं बसवायला जागा न्हाई, हाच तर तिचा गुण हाय," बाळासो म्हणाले.

त्या वेळी वहिनींचे कोडोलीचे भाऊ गणपतराव आत चहा पीत बसले होते. त्यांच्या बशीचा आवाज थांबला तो मलाही ऐकू आला.

आता वहिनींचं एक सांगायला पाहिजे. त्यांना चालत्या वाहनात झोप लागते. एसटीत लागते, वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपमध्ये लागते. एकदा गणपतरावांच्या ट्रॅक्टरवर, चाकावरच्या पत्र्यावर बसल्या बसल्या लागली, आणि गणपतरावांनी एका हातानं स्टिअरिंग अन् दुसऱ्या हातानं बहीण धरून घर गाठलं. वाहन हललं की वहिनींची मान डाव्या खांद्यावर येते. वाहन थांबलं, इंजिन बंद झालं, की त्या ताज्यातवान्या उठतात. त्यांच्या कंबरदुखीला एवढी झोप हेच औषध.

पण या गाडीत त्यांना झोप लागेना. तिचे शॉकअप, म्हणजे खड्ड्याचा धक्का गिळणारे भाग, जुन्या धाटणीचे होते आणि त्यांतलं तेल केव्हाच गळून गेलं होतं. एक खड्डा लागला की गाडी पुढच्या खड्ड्यापर्यंत होय-होय करत मान हलवायची. नेमकं त्याच सुमारास पुण्याच्या एका गृहस्थांनी पेट्रोल पंपावर ती पाहिली. त्यांना जुन्या गाड्या जमवायचा नाद. गाडी विकता का म्हणून ते सारखे फोन करू लागले.

वहिनींनी निकाल दिला. "दसऱ्याला मला ह्याच गाडीतनं कोडोलीला न्या. दादाला सोनं द्यायचं हाय. वाटंत माझा डोळा लागला तर ऱ्हाऊ दे तुमचं घमेलं. न्हाई लागला, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याच्या पावण्याला देऊन टाकायचं. मग कुरकुर न्हाई करायची."

बाळासो "व्हय" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

अडचण अशी, की त्यांना गाडी नुसती कोडोलीला न्यायची नव्हती. आमच्या गावाबाहेर एक ट्रॅक आहे. तिथं तरुण मुलं छोट्या गाड्या पळवतात, आणि अधूनमधून कुणालाही आपली गाडी घेऊन फिरू देतात. कोल्हापूरला हा नाद जुना आहे. त्या ट्रॅकवर एक वळण उलट्या यू-सारखं आहे. ते वळण वेगात, न डुलता घ्यायचं, एवढंच बाळासोंना आयुष्याकडून पाहिजे होतं. कोडोलीला डुलकी आणि ट्रॅकवर वळण. एकाच गाडीत.

ते मोहसीनकडे गेले आणि उत्साहाच्या भरात म्हणाले, "मोहसीन, गाडी आता एकदम कडक करून टाक!"

आमच्याकडे कडक हा शब्द फार सढळ हातानं वाढतात. चहा कडक, इस्त्री कडक, तालमीतला गडी कडक, लग्नातला बँडसुद्धा कडक. बाळासोंना म्हणायचं होतं, उत्तम कर. मोहसीन पडला मिस्त्री. त्याच्या दृष्टीनं जे दाबलं तरी दबत नाही ते कडक. त्यानं मागच्या कमानपाट्यांत, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांत, एकेक पाटा वाढवला आणि पुढं जाड तारेच्या स्प्रिंगा घातल्या. मग बाळासोंना मागच्या बंपरवर उभं करून उड्या मारायला लावल्या. गाडी तसूभर हलली नाही.

"झाली का न्हाई कडक?" मोहसीन म्हणाला.

"कडक!" बाळासो म्हणाले.

दोघेही खूष. एकाच शब्दावर दोन माणसांचं इतकं एकमत मी क्वचित पाहिलंय.

वहिनी त्या गाडीतून शिरोलीच्या पुलापर्यंत गेल्या. पुढं गेल्या नाहीत. गाडी थांबवायला लावून खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मी काय ट्रॉलीतला ऊस हाय व्हय?" समोरून बस आली तिच्यात चढल्या. बाळासो बसच्या मागोमाग घरी आले तर वहिनी घरात नाहीत. बसमध्ये त्यांना अशी गाढ झोप लागली, की त्यांचा थांबा मागंच राहिला. कंडक्टरनं शेवटच्या थांब्यावर उतरवलं. तिथून त्या चालत आल्या, पण आणायला गेलेल्या बाळासोंच्या गाडीत बसल्या नाहीत. रस्त्याच्या कडेनं वहिनी आणि शेजारून गोगलगायीसारखी तांबडी गाडी, अशी ती वरात सगळ्या गल्लीनं पाहिली.

दुसऱ्या खेपेला बाळासो म्हणाले, "मऊ कर. लोण्यागत."

मोहसीननं सगळं उलटं केलं. वाढवलेले पाटे काढले, होत्या त्यांतलाही एकेक कमी केला, स्प्रिंगा बारीक घातल्या. वहिनींना बसवण्याआधी गाडी ट्रॅकवर बघायची ठरली. शेजारच्या सीटवर वजन पाहिजे होतं.

"बापूंना बसवा," मोहसीन म्हणाला. "काकींचं आणि बापूंचं वजन एकच हाय."

हे त्याला कसं कळलं ते विचारायचं मी टाळलं. बसलो.

सरळ रस्त्यावर फार छान वाटलं. पाळण्यात बसल्यासारखं. मग ते वळण आलं. बाळासोंनी सवयीप्रमाणे फार लवकर ब्रेकवर पाय ठेवला, आणि कठड्यावर बसलेली मुलं ओरडली, "काका, मागं दूध न्हाई! सोडा की!" बाळासोंनी पाय सोडला. गाडी माझ्या बाजूला इतकी कलली, की हात लांब केला असता तर कडेचं गवत उपटता आलं असतं. मग मागची चाकं पुढं यायला निघाली. सगळं थांबलं तेव्हा आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून उभे होतो.

"काका, घराकडची वाट ती न्हवं!" मुलांनी सांगितलं.

मी डोळे उघडले. मला बरंच काही होत होतं, पण बाळासोंकडे पाहिलं आणि ते सांगायचं राहिलं. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले होते.

"अर्ध्या टँकरासारखी डुलली, बापू," ते म्हणाले. "आयुष्यभर जे चालवलं तेच विकत घेतलं की मी."

गॅरेजमध्ये आल्यावर ते उतरून गाडीकडे बघत उभे राहिले. मोहसीननं त्यांना एक उलटा डबा बसायला दिला.

"काका, आता कडक आनि मऊ, दोन्ही शब्द ह्या गॅरेजात बंद," तो म्हणाला. "गाडीनं काय करायला नगं, तेवढंच सांगा."

बाळासोंनी विचार केला. "वळणावर कलायला नगं. खड्ड्यात आपटायला नगं."

"मग ही दोन येगयेगळी दुखणी हाईत की! आपण दोन्हीला एकच गोळी देतोय."

त्यानंतर काही दिवस तो कमी बोलला, म्हणजे त्याच्या मानानं. त्यानं पाटे मूळचे होते तेवढेच ठेवले आणि स्प्रिंगा मधल्या जाडीच्या घातल्या. कलणं थांबवायला पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक आडवा पोलादी दांडा जोडून घेतला. वळणावर एक चाक दबायला लागलं की दांडा दुसऱ्यालाही ओढून धरतो, त्यामुळे गाडी फारशी कलत नाही. सरळ रस्त्यावर तो दांडा गप्प असतो. जुने गळके शॉकअप काढून नळीसारखे नवे बसवले. त्यांची गंमत म्हणजे प्रत्येकाच्या बुडाशी एक खटका होता. तो एका बाजूला फिरवला की शॉकअप आवळतो, दुसऱ्या बाजूला फिरवला की सैल होतो. मोहसीननं चारी खटक्यांवर बायकोच्या, नुजहतच्या, नेलपॉलिशनं दोन-दोन खुणा केल्या. लाल खूण ट्रॅकची, गुलाबी कोडोलीची. लाल बाटली संपली म्हणून नुजहतनं त्याला काय सुनावलं, ते त्यानं आपण होऊन सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी चारी खटके लाल खुणेवर करून आम्ही ट्रॅकवर गेलो. मी पुन्हा वजन म्हणून. वळण आलं. मी डोळे मिटायचं ठरवलं होतं, पण उशीर झाला. बाळासोंनी ब्रेक उशिरा दाबला, जोरात दाबला, आणि गाडी वळली. कलली नाही, डुलली नाही, रस्त्याला चिकटून गेली. बाळासोंच्या तोंडून एक आवाज निघाला. तो त्यांचा आहे हे मला आधी कळलंच नाही. पुन्हा फिरून त्याच वळणावर आलो तेव्हा कठड्यावरची मुलं उभी राहिली होती.

"काका, पोचलं दूध!" एक जण ओरडला.

घरी आल्यावर बाळासो खाली वाकून खटके गुलाबी खुणेवर करायला बसले. तेवढ्यात पुण्याचा फोन आला. गृहस्थ परवा सकाळी निघणार होते. बाळासो "बघू, बघू" म्हणत अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. मग चहा आला.

दसऱ्याच्या दिवशी गाडीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. वहिनी नवं लुगडं नेसून, आपट्याच्या पानांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. बसताना सांगितलं, "पारगावात थांबा. दादाच्या नातवंडांस्नी केळी घ्यायची हाईत. मोकळ्या हातानं जायाला बरं दिसत न्हाई." मोहसीन त्याच्या मोटारसायकलवर मागून निघाला आणि मला त्याच्या मागं बसवलं. साक्षीदार पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

शिरोलीपर्यंत वहिनी ताठ होत्या. मागून मला त्यांचा अंबाडा आणि त्यातला गजरा दिसत होता. हमरस्त्यावर गजरा सरळ. वाठारला आम्ही आत वळलो. पावसानं त्या रस्त्याची चाळण केली होती. एक खड्डा गेला, दुसरा गेला. मग गजरा हळूच डावीकडे झुकला आणि खांद्यावर येऊन थांबला.

"पडली! पडली!" मोहसीन ओरडला.

मी घाबरून त्याला घट्ट मिठी मारली. मला वाटलं, गाडीच पडली.

पारगावात बाळासोंनी गाडी अशी थांबवली की ती कधी थांबली ते रस्त्यालाही कळलं नसेल. इंजिन चालूच ठेवलं. एक हात कमरेवर धरून, पाय ओढत ते आमच्याकडे आले.

"मोहसीन," ते कुजबुजले, "तिची बाजू लोणी हाय. माझी बाजू आपटती रं. मणका जागचा हलला माझा."

मोहसीननं वाकून पाहिलं. डावीकडचे दोन्ही खटके गुलाबी खुणेवर होते. उजवीकडचे दोन्ही लालवर.

"काका, निम्मीच गाडी कोडोलीला निघालीया! निम्मी ट्रॅकवरच हाय."

"त्यो पुण्याचा फोन आला, आनि…" बाळासोंना आठवलं.

"थांबा, आत्ता फिरवतो." मोहसीननं चाकाच्या मागं हात घातला. खटका टक्क वाजला. वहिनींचा गजरा हलला. बाळासोंनी मोहसीनचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. मी सोसतो."

त्यांनी केळी घेतली. फळवाल्याशी खुणांनीच बोलले. फणी सीटच्या मागच्या खोबणीत अलगद ठेवली आणि निघाले. तिथून कोडोलीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला गाडीच्या उजव्या बाजूला एक डोकं वर उडायचं आणि डाव्या बाजूला एक गजरा निवांत असायचा. हे मी वाढवून सांगत नाही.

गणपतरावांच्या दारात इंजिन बंद झालं. वहिनी उठल्या, पदर सावरला, इकडंतिकडं पाहिलं.

"काय?" बाळासो हसत म्हणाले. "लागली न्हवं झोप?"

"कुनाला?"

"तुला!"

"मी कुठं झोपलो? डोळं मिटून देवाचं नाव घेत हुतो."

बाळासोंचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. मोहसीन धावत पुढे झाला. "काकी, आमी सगळ्या वाटंनं मागनं बगितलंय! तुमची मान पडल्याली!"

"टोपडं घालून तुला काय दिसतंय रं?" त्या त्याच्या हेल्मेटकडे बोट दाखवून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बापू खोटं बोलायचं न्हाईत. बापू, सांगा. मी झोपलो हुतो?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. गणपतराव, त्यांच्या सुना, दारातली नातवंडं. असं कुणी बघितलं की मला नीट बोलता येत नाही.

"मान पडली होती," मी म्हणालो. "पण मी मागं होतो. डोळे मला दिसले नाहीत."

"ऐकलंसा?" वहिनी म्हणाल्या.

मोहसीननं माझ्याकडे असं पाहिलं, की परत जाताना मी एसटीनंच जावं असं मी ठरवून टाकलं. बाळासोंनी वाद घातला नाही. त्यांनी "व्हय" म्हटलेलं होतं. बॉनेटवरची झेंडूची माळ थोडी सरकली होती, ती सारखी केली आणि म्हणाले, "बरं. न्हाई तर न्हाई. सांगतो त्या पावण्याला, या म्हणून."

वहिनींना जिंकल्याचा आनंद झालाय असं काही दिसलं नाही. त्या गाडीतून उतरल्या, नातवंडांकडे पाहिलं, हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आणि एकदम बाळासोंवर उसळल्या.

"आनि एवढं घोकून सांगितलं हुतं, पारगावात थांबा म्हनून! थांबला का न्हाईसा? आता पोरांच्या हातावर काय पानं ठिवू?"

मोहसीननं तोंड उघडलं आणि बोलल्याशिवाय मिटलं. हे मी प्रथमच पाहिलं.

बाळासोंनी सीटच्या मागं हात घातला, केळ्यांची फणी काढली आणि वहिनींच्या हातात ठेवली.

वहिनींनी फणीकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं, जणू पारगाव तिथून दिसणार होतं. गणपतराव खोकण्यासाठी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"कच्ची हाईत," वहिनी म्हणाल्या. "बगून घ्यायची न्हाईत व्हय?" आणि मुलांना हाका मारत आत गेल्या. उंबऱ्यावर थांबून मागं न बघता एवढंच म्हणाल्या, "गाडी सावलीत लावा. परत जाताना शीट तापंल."

मोहसीन आधीच चाकामागं हात घालून उजवे खटके फिरवायला बसला होता. बाळासो कमरेवर हात ठेवून जरा वेळ गाडीभोवती फिरले आणि मग पुण्याला फोन लावला. गाडी द्यायची नाही म्हणाले. पलीकडून त्या गृहस्थांनी कारण विचारलं असावं.

"काय सांगू, पावणं," बाळासो म्हणाले. "आमच्या मालकिणीचा डोळा लागला."

पलीकडच्यांना त्याचा अर्थ काय लागला कोण जाणे. पण त्यांनी समजूतदारपणे फोन ठेवला.